दुसरा कंट्रोलर कोणाला देणार?

ऑफिसात अधूनमधून कोणीतरी चहाच्या वेळेला येऊन हळूच विचारतं, टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल घ्यायचाय रे, कुठला घेऊ. पूर्वी मी भाषणच द्यायचो, टेराफ्लॉप काय, एसएसडी काय, फोर-के काय, समोरच्याचा चहा गार व्हायचा. आता एवढंच विचारतो, घरात खेळणार कोण कोण? एकटाच असशील, रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून बसणार असशील, घरात फायबर असेल, तर बिनधास्त घे, पैसे वसूल आहेत. पण बायको, पोरं, भाचे, आलेगेले सगळे मिळून खेळू असं डोक्यात असेल तर जरा दमानं घे. हल्लीच्या कन्सोलला अकाउंट लागतं, आणि घरात अकाउंट एकाचंच असतं, ज्याच्या कार्डावरून पैसे गेले त्याचं. बाकीचे सगळे पाहुणे.

मी काही नव्या गेमच्या विरोधात नाही हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर लोक लगेच म्हातारा झालास म्हणून मोकळे होतात. खेळतो मी, आवडीने खेळतो, आणि ग्राफिक्सबद्दल तर तक्रारच नाही, काही काही ठिकाणी गेम सोडून नुसता पाऊस बघत उभा राहतो मी, आणि आम्हा गोंयकारांना पावसाचं कौतुक असायचं काही कारण नाही.

पैशांचं एकदाच बोलून टाकू. सोनीचा प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना होता. आमच्या पिढीचा हिशोब सरळ असायचा, कन्सोल आला की लगेच घ्यायचा नाही, दोन वर्षं कळ काढायची, किंमत खाली येते. हा बाबा पुढच्याच वर्षी, २०२२ च्या शेवटी, ५४,९९० झाला. वर मोठा नवीन गेम पाच हजारांच्या घरात. शिवाय दुसऱ्याबरोबर ऑनलाईन खेळायचं तर बहुतेक गेमना वर्गणी वेगळी, जी प्लेस्टेशन ३ वर नव्हती, २०१३ ला ४ आला तेव्हापासून सुरू झाली. म्हणजे घरात शेजारी बसून खेळता येत नाही आणि लांब बसून खेळायचे वेगळे पैसे. असो, पैसे कोणी डोक्यावर बंदूक धरून घेत नाही, आपणच देतो.

मला खरा राग आला तो चवथीला. आमचं मूळ घर गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्याही पुढे, गणपतीला सगळं गोत तिथे जमतं, सोप्यावर चटया पडतात, गणपतीच्या वर फळांनी सजवलेल्या माटोळीतल्या चिबडाचा वास घरभर असतो आणि पोरं एवढी की नावं पाठ करायला लागतात. मी पणजीहून कन्सोल टॉवेलात गुंडाळून नेला, म्हटलं पोरं खुश होतील. आरत्या झाल्या, घुमट-शामेळ ही वाद्यं खुंटीला लागली, जेवणं झाली, टीव्हीला जोडला, पोरं अर्धं गोल करून बसली. आणि मग जे सुरू झालं! आधी सिस्टीमचा अपडेट. तो कसाबसा पुढे ढकलला तर फुटबॉलच्या गेमचा अपडेट, तोही कितीतरी जीबीचा, आणि आमच्या तिथे नेट म्हणजे खिडकीच्या गजाला टेकवून ठेवलेल्या मोबाईलचा हॉटस्पॉट, दिवसाला दीड-दोन जीबीवाल्या पॅकवर. तोही टाळला. मग दुसरा कंट्रोलर चालू केला तर विचारतो हा खेळाडू कोण, साइन इन करा. अरे तो माझा भाचा आहे, त्याला अजून स्वतःच्या चपला सापडत नाहीत, त्याचा ईमेल कुठून आणू? पाहुणा म्हणून आत घेतला तर कसल्या तरी अटी आणि शर्ती, त्या शेवटपर्यंत सरकवल्याशिवाय बटण उजळत नाही. नेवऱ्यांचा डबा घेऊन आलेली आते दारात उभी राहून बघत होती, शेवटी म्हणाली, "रे बाबू, हें केन्ना सुरू जातलें?" मी म्हटलं आते, झालंच. तेवढ्यात लाईट गेली, इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि देवाकडचा बल्ब, पोरं उठून पत्ते कुटायला गेली.

दुसऱ्या दिवशी वहिनीने तिच्या माहेरून, डिचोलीहून, भावाचा जुना टीव्ही गेम मागवून घेतला. तुम्हाला माहीतच असेल तो प्रकार, नव्वदीत आणि नंतरही घरोघर होता, निन्टेन्डोच्या फॅमिकॉम नावाच्या जुन्या कन्सोलची तैवान-चीनची नक्कल, पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं ९९९९९९९ इन १. प्रत्यक्षात आत गेम मोजून थोडेच, बाकी तेच गेम लेव्हल किंवा जीव बदलून परत परत यादीत घातलेले, एवढी उघड फसवणूक आणि तरी आम्ही पानं पुढे पुढे दाबत जायचो की लाखाच्या पुढे काहीतरी वेगळं असेल. पिवळी-पांढरी वायर टीव्हीच्या मागे खुपसली, बटण दाबलं, चालू. दुसऱ्या कंट्रोलरला कोणी विचारलं नाही तू कोण म्हणून. ज्याच्या हातात आहे तो दुसरा खेळाडू, विषय संपला.

आणि लावला कुठला, तर टँक. त्याचं खरं नाव बॅटल सिटी, नामकोने १९८५ ला काढलेला, पण माझ्या ओळखीत कोणीच त्याला बॅटल सिटी म्हणत नाही. खाली मधोमध आपला गरुड, भोवती विटांची भिंत, वरून शत्रूचे टँक येतात आणि दोन खेळाडूंनी मिळून गरुड सांभाळायचा. आता यातली गंमत बघा, दोघे एकाच बाजूचे आहेत पण आपली गोळी जोडीदाराला लागली तर तो मरत नाही, नुसता लुकलुकत जागच्या जागी अडकतो, आणि नेमकं तेव्हाच वरून एक जण सुसाट खाली येतो. शिवाय घाईघाईत आपला गरुड आपल्याच गोळीने उडवता येतो. म्हणजे गेम बनवणाऱ्याने भांडणाची सोय आतच करून ठेवलीय. वहिनी एरवी घरात आवाज न चढवणारी बाई, पण दादाने तिसऱ्यांदा तिला अडकवलं तेव्हा तिने जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि काय खेळते! चांदणी दिसली की पहिली ती, तीन चांदण्या घेतल्या की आपली गोळी लोखंडाची भिंतसुद्धा फोडते, हे आमच्या कोणाच्या लक्षात नव्हतं, तिच्या होतं. पोरांनी मग कन्स्ट्रक्शन शोधून काढलं, म्हणजे नकाशा आपणच बनवायचा, आणि गरुडाभोवती सगळीकडून लोखंड लावून ठेवलं, आता मारा म्हणाले. बिनडोक वाटणारी ही आयडिया ज्याला सुचली तो भाचा तोच, ईमेल नसलेला.

तेव्हापासून मी विचार करतोय की नेमकं काय हरवलं. लहानपणीची आठवण वगैरे म्हणाल तर त्या पोरांना कसली आलीय आठवण, ती जन्मलीच टचस्क्रीनच्या जमान्यात. त्यांनी टँक पहिल्यांदाच बघितला आणि जेवायला उठेनात.

मला वाटतं एक कारण तांत्रिक आहे. एका टीव्हीवर दोघांना वेगवेगळं दाखवायचं म्हणजे मशीनला एकच जग दोनदा रंगवावं लागतं, दोन कोनांतून. नवे गेम मुळातच मशीनचा जीव काढून बनवलेले असतात, एकदाच रंगवताना फॅन विमानासारखा ओरडतो, तिथे दोनदा कुठून रंगवणार? मग पहिली कुऱ्हाड दुसऱ्या खेळाडूवर. एक्सबॉक्सवरच्या हेलो या गोळीबाराच्या गेमचंच घ्या, २००१ चा पहिला हेलो लोकांनी सोफ्यावर खांद्याला खांदा लावून संपवला, त्याचं नाव झालं तेच त्यावर. २०१५ च्या हेलो ५ मध्ये स्प्लिट स्क्रीन गायब. पुढच्या हेलो इन्फिनिटला परत देतो म्हणाले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की कॅम्पेनला, म्हणजे त्यातल्या गोष्टीच्या भागाला, एका टीव्हीवर दोघांची सोय आता होणार नाही. ज्यांनी आम्हाला सवय लावली त्यांनीच हात वर केले. जुन्या गेममध्ये स्क्रीन एकच, दोघे त्याच स्क्रीनमध्ये, त्यामुळे हा प्रश्नच यायचा नाही, उलट त्यातूनच मजा यायची. कॉन्ट्राच्या धबधब्याच्या लेव्हलला आठवतंय ना, पुढचा घाईने वर उड्या मारत गेला की स्क्रीन वर सरकते आणि खाली राहिलेला बिचारा फुकट मरतो. भावाभावांची बोलणी बंद झालेली आहेत त्या धबधब्यावरून.

अपवाद आहेत हां. स्वीडनच्या हेझलाइट कंपनीचा इट टेक्स टू २०२१ ला आला, दोघांशिवाय सुरूच होत नाही, आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. म्हणजे लोकांना नकोय असं नाही. बायकोबरोबर मी खेळलेला हा एकमेव नवीन मोठा गेम. पण असे किती? बोटावर मोजण्याइतके, आणि तेही कोणीतरी शोधून सांगितले तर कळतात.

दुसरी गोष्ट, जुना गेम पूर्ण बनवूनच बाजारात यायचा. चिपवर एकदा गेलं की गेलं, मागाहून अपडेट पाठवायची सोय नाही, त्यामुळे आधी घाम गाळायला लागायचा. पहिला सुपर मारिओ ब्रदर्स, १९८५ चा, ३२ लेव्हल, अख्खा गेम ४० केबीत बसतो. आपल्या फॅमिली ग्रुपवर सकाळी येणारा गुलाबाच्या फुलाचा सुप्रभात फोटो यापेक्षा मोठा असतो. जागा वाचवायला त्यांनी काय काय केलंय बघा, आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. एकदा कळलं की मग दरवेळी दिसतं. हल्ली कॉल ऑफ ड्यूटीसारखा गेम सगळ्या साजासकट २०० जीबीच्या वर जातो, आणि प्लेस्टेशन ५ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा वापरायला जागा होती ६६७ जीबी. तीन गेम ठेवायचे तर चौथ्याला घराबाहेर काढा. आणि अपडेट करता येतो म्हटल्यावर अर्धवटच विकायची सवय लागली. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० ला आला तो जुन्या कन्सोलवर इतका खराब चालत होता की सोनीने आठवड्याभरात आपल्या दुकानातून काढून टाकला, लोकांना पैसे परत, तो परत विक्रीला आला जून २०२१ मध्ये. आता तो चांगला आहे असं सगळे म्हणतात, असेलही, मी घेतलेला नाही.

जुन्यात बग नव्हते असं कोणी म्हणत असेल तर साफ खोटं. मारिओच्या १-२ या लेव्हलमध्ये भिंतीतून विशिष्ट तऱ्हेने घुसलात तर एका पाण्याच्या जगात पोचता जे संपतच नाही, मायनस वर्ल्ड म्हणतात त्याला, ती सरळसरळ चूक आहे. पण ती चूक माझ्या कॅसेटमध्ये आहे आणि तुमच्याही, आणि उद्या सकाळी उठून कोणी ती काढून टाकू शकत नाही.

इथे मग मालकीचा मुद्दा येतो, जो मला सगळ्यात जास्त टोचतो. युबिसॉफ्ट कंपनीचा द क्रू नावाचा गाड्यांचा गेम, २०१४ चा. ३१ मार्च २०२४ ला त्यांनी सर्व्हर बंद केला आणि गेम मेला, एकट्याने चालवणाऱ्यांचासुद्धा, डिस्क कपाटात असणाऱ्यांचासुद्धा. त्यावरून युरोपात स्टॉप किलिंग गेम्स म्हणून चळवळ उभी राहिली, २०२५ च्या जुलैत सह्या १० लाखांच्या वर गेल्या. आणि डिस्क तरी आता कुठे, २०२४ चा प्लेस्टेशन ५ प्रो डिस्कची फटच नसलेला, लागली तर वेगळी विकत घ्या. निन्टेन्डोच्या स्विच २ या कन्सोलला तर असंही एक कार्ड निघालंय ज्याच्यात गेम नसतो, फक्त किल्ली असते, गेम डाउनलोड करा. आपल्याकडे हे जास्त लागतं, कारण आपण गेम परवडवले कसे? चार हजाराची डिस्क घ्यायची, महिन्याभरात संपवायची, मडगावच्या कोणालातरी अडीचला द्यायची, त्यात थोडे घालून त्याच्याकडची दुसरी घ्यायची. एक डिस्क काणकोणपासून पेडण्यापर्यंत फिरून परत माझ्याकडे आलेली आहे, कव्हरवरच्या चहाच्या डागावरून ओळखली. डाउनलोड केलेला गेम कोणाला देणार? भाच्याला वारसा म्हणूनही देता येत नाही.

बरं, आता जुन्याची आरती पुरे. त्यातले निम्मे गेम आज बसून खेळवत नाहीत. सेव्हची सोय नाही, लाईट गेली की पहिल्यापासून, आणि आमच्याकडे लाईट काय, आषाढात एक काजू हलला तरी जाते. कठीण तर असे की हेतूच शंका घेण्यासारखा. घोस्ट्स अँड गॉब्लिन्स नावाचा कॅपकॉमचा गेम जिवाचं रान करून संपवलात की तो सांगतो हे सगळं मायाजाल होतं, आता परत पहिल्यापासून खेळा तेव्हा खरा शेवट. थोबाडीत मारावी असं वाटतं. कठीणपणाचं म्हणाल तर बनवणाऱ्यांनासुद्धा झेपायचं नाही, कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतोला ग्रेडियस हा गेम तपासताना स्वतःला खेळता येईना म्हणून त्याने १९८६ मध्ये आत एक चोरवाट ठेवली, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. तीच पुढे कॉन्ट्रात ३० जीव द्यायला आली. अर्ध्या जगाला आज ती पाठ आहे.

पण काही गेम असे आहेत की त्यांना काळ लागत नाही. बोडगेश्वराच्या जत्रेत मिळणारा तो ब्रिक गेम, हातात मावणारा, पेन्सिल सेलवर चालणारा, तोही टेट्रिसच. निन्टेन्डोवरचा टेट्रिस १९८९ चा, सगळ्यांचं म्हणणं होतं की माणसाला तो संपवणं शक्य नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला एक १३ वर्षांचा पोरगा इतका पुढे गेला की १५७ व्या लेव्हलला गेमनेच मान टाकली. तोवर हे फक्त कॉम्प्युटर प्रोग्रामला जमलेलं. ३४ वर्षांच्या गेममध्ये नवीन काहीतरी घडलं, अपडेटशिवाय.

वहिनीचा तो टीव्ही गेम आता माझ्याकडे आहे, दुरुस्तीला म्हणून आणला तो राहिलाच. आपल्या हवेत कॅसेटच्या पट्ट्या काळ्या-हिरव्या पडतात, समुद्राची खार आणि चार महिने पाऊस. लहानपणी आम्ही फू फू करून फुंकायचो आणि चालायची, त्यामुळे फुंकर हा उपाय असं डोक्यात बसलं. खरं तर चालायची ती काढून परत बसवल्यामुळे, फुंकरीतून जाते ती थुंकी आणि त्याने गंज अजून वाढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कानात घालायच्या कापसाच्या काडीने पट्ट्या पुसा, काडी काळी निघते तोवर पुसत राहा, वाळू द्या, मग घाला. मित्र म्हणाला फेणी चालेल का. नाही चालत, आणि वाया का घालवतोस.

ज्यांना वायरींचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी हातात धरायचे छोटे इम्युलेटरवाले, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणारे, डबे ऑनलाईन मिळतात, हजारो गेम भरून. स्वस्त आहेत, छान आहेत, माझ्याकडेही एक आहे. मशीन कायदेशीर, पण आत भरून आलेले गेम बहुतेक चोरीचे, हे माहीत असू द्या. पण दुसरी बाजूही बघा, अमेरिकेच्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजलं तेव्हा तिथे आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज कुठेच रीतसर विकत मिळत नाहीत असं निघालं. विकायचा नाही, आणि कोणी जपून ठेवला तर चोर म्हणायचं, हा कुठला न्याय? आमच्या तर लहानपणाच्या कॅसेटीही सगळ्या चोरीच्याच होत्या, अस्सल निन्टेन्डो मी फोटोतच बघितला.

एकच गेम मात्र नव्या टीव्हीवर काही केल्या चालत नाही, तो म्हणजे बदकांचा, डक हंट, बंदूकवाला. ट्रिगर दाबला की स्क्रीन निमिषभर काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा सेन्सर असतो, आधी काळं आणि लगेच पांढरं दिसलं तर नेम लागला. म्हणून ट्यूबलाईटवर नेम धरून फसवता येत नाही, आम्ही करून बघितलंय. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं, फ्लॅट टीव्ही चित्र जरा उशिराने दाखवतो, बंदूक बघते तेव्हा तिथे काहीच नसतं, आणि तो कुत्रा झुडपातून वर येऊन हसतो. आणि या गेममध्ये एक गोष्ट आहे जी मला इतकी वर्षं माहीतच नव्हती, एका बदकाच्या खेळात एकाकडे बंदूक असताना दुसऱ्याला कंट्रोलरवरून बदक उडवता येतं. १९८४ चा गेम! तेव्हासुद्धा त्यांनी विचार केला होता की बाजूला बसलेल्याने काय करायचं.

तर म्हापसा, डिचोली, साखळी, वाळपई या पट्ट्यात कोणाकडे जुना काचेचा टीव्ही चालू स्थितीत असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी मला कळवा. १४ इंची चालेल, २१ असेल तर उत्तम, मागची पिवळी-पांढरी भोकं शाबूत हवीत, रिमोट नसला तरी हरकत नाही. चवथीच्या आधी मिळाला तर बरं, बंदूक वहिनीला आणि बदक भाच्याला असं ठरून बसलंय. न्यायला मी पिकअप घेऊन येतो, फक्त उचलायला घरातला एक जण हाताशी ठेवा, २१ इंची माझ्या एकट्याच्याने उचलत नाही.